सायडिंगच्या पन्नासाव्या बाई

नोंद क्रमांक पन्नास. नाव: पाटणकर, प्रमोदिनी दीनानाथ. लिंग: स्त्री. वय: एकोणऐंशी (जुन्या नोंदीवरून, जुनी नोंद कोणत्या गावची, हे तपासलेले नाही). पत्ता: हेन्सन सायडिंग, सेकंड स्ट्रीट, पिवळे घर; क्रमांकाची पाटी बर्फाखाली. व्यवसाय: आढळला नाही. वैवाहिक स्थिती: दारावरून कळत नाही. विशेष खूण: दारावर हस्तलिखित पुठ्ठा. निष्कर्ष: सदर व्यक्तीचे गावात अद्याप आगमन झालेले नसून आगमन अपेक्षित आहे. सबब, एक जानेवारी रोजीच्या लोकसंख्येत सदर व्यक्तीची गणना करण्यात येऊ नये.

हे पत्र प्रमोदिनीबाईंनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टाच्या काउंटरपाशी उभं राहून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काउंटरच्या पलीकडे लेना फ्रीसेन तिकिटांचे शीट सरळ करत होती. ते आधीच सरळ होते.

"तू वाचलंस ना?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"पाकीट बंद होतं, डॉक," लेना म्हणाली. "पण ऑर्विलला आलेली कॉपी उघडी होती."

ऑर्विल कोवालचुक हा गावचा मेयर. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानावरचा बर्फ जमवणं आणि नळाच्या पाण्याचा पंप चालू ठेवणं हीही त्याचीच कामं, आणि लोकांच्या मते मेयरपदापेक्षा ती महत्त्वाची. त्याच्या कॉपीत एक परिच्छेद जास्त होता. गाव हे गाव म्हणून राहायला एक जानेवारीला किमान पन्नास माणसं लागतात. मोजणीत एकोणपन्नास भरली. म्हणून येत्या जुलैपासून हेन्सन सायडिंग हे गाव राहणार नाही, 'ग्रामीण क्षेत्र सात-ब' राहील. सात-बला मेयर नसतो, पोस्ट नसतं, पाण्याचा पंप नसतो. बर्फ काढायचा प्लाउ तिथे सगळ्यांच्या शेवटी येतो आणि काही वर्षं येतच नाही.

म्हणजे सगळा प्रश्न एका माणसाचा होता. ते माणूस अठ्ठेचाळीस वर्षं गावात राहून अजून यायचं होतं.

आता हे गाव कसलं, ते सांगायला हवं. सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या इंजिनाला पाणी पाजायला कॅनडाच्या या सपाट मुलखात एक फाटा, म्हणजे सायडिंग, टाकला आणि त्याला कुणा हेन्सनचं नाव दिलं. हेन्सन स्वतः इथे कधी उतरला नाही. फाट्याशेजारी धान्य साठवायचं उंच लाकडी एलिव्हेटर आलं, त्याच्याभोवती गव्हाच्या गाड्या, गाड्यांभोवती हॉटेल, हॉटेलाच्या बरोबर समोर, मुद्दाम, चर्च. एके काळी इथे चारशे बारा माणसं होती, दोन एलिव्हेटर, तीन चर्च, बँक, शाळा आणि नऊ खाटांचं हॉस्पिटल. नावातच सायडिंग असल्यामुळे आपण कडेला आहोत याचा गावाला कधी न्यूनगंड नव्हता. कडेला राहूनही माणूस नीट जगतो, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्या नऊ खाटांसाठी डॉक्टर मिळेना, तेव्हा १९७६च्या ऑक्टोबरात प्रमोदिनीबाई आल्या. शिक्षण पुण्याचं, माहेर सातारचं, वय एकतीस. सोबत नवरा दीनानाथ, जे शाळेत गणित शिकवायला लागले आणि पुढे सव्वीस वर्षं या गावच्या पोरांना अपूर्णांक समजावत राहिले, आणि दोन वर्षांचा जयदीप. पहिल्याच आठवड्यात बाईंना दूरच्या शेतावर बाळंतपणाला बोलावलं. दवाखान्याला त्या कुलूप लावत होत्या. येणाऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'आय ॲम कमिंग. पी.' आणि दाराला टाचणीने लावलं.

'जाते' असं त्या कशा लिहिणार? घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं. 'येते' म्हणायचं. येतेचं इंग्लिश कमिंग. शाळेत इंग्लिशला त्यांना नेहमी पंच्याऐंशीच्या वर मार्क असत.

ऑर्विलचे वडील त्या दिवशी अंगठ्यात तार घुसलेला हात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर तीन तास बसले. डॉक्टर येतेय, लिहिलंय ना. तिसऱ्या तासाला त्यांनी तार स्वतःच काढली आणि गावात जाऊन सांगितलं की नवी डॉक्टर येतेय असं म्हणते तेव्हा ती गेलेली असते. पण ती येते. कितीही बर्फ असो, येते.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत सगळ्यांना पुठ्ठा वाचता येऊ लागला. दहाव्या वर्षापर्यंत हॉकीला निघालेली पोरं दारातून ओरडू लागली, "कमिंग, मॉम." आया आतून म्हणत, "ओके, बी बॅक बाय सिक्स." बाहेरून आलेल्या सुनांना आधी वाटायचं की या गावात सगळे बहिरे आहेत किंवा सगळे खोटं बोलतात. मग त्याही निघताना कमिंग म्हणायला लागत.

गावातून 'आम्ही जातो' असं स्पष्ट, शुद्ध इंग्लिशमध्ये सांगून फक्त तिघं गेले. आधी रेल्वे, मग बँक, मग हॉस्पिटलवालं खातं. तिघांनीही जाण्याआधी छापील पत्रं पाठवली होती आणि तिन्ही पत्रांत खेद होता. शाळेने पत्रही पाठवलं नाही. ती एका उन्हाळ्यात सुट्टी लागल्यावर उघडलीच नाही. हॉस्पिटल बंद झालं तेव्हा प्रमोदिनीबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. कागदोपत्री त्या अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. पण बोटात माशाचा गळ अडकलेल्या माणसाला कागदपत्रं कोण दाखवणार? दीनानाथ गेले त्याला सात वर्षं झाली. पुठ्ठा मात्र तोच, फक्त कोपरे चिकटपट्टीने बांधलेले.

नोव्हेंबरात दूरच्या मिसिसागा शहरातून जयदीपचा फोन आला होता. अस्मिताचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. बाई गेल्या, म्हणजे येते म्हणून निघाल्या, आणि दहा आठवडे तिथे राहिल्या. तेवढ्यात जानेवारीत सरकारी मोजणीचं कंत्राट घेतलेला एक माणूस सायडिंगला आला. त्याच्या भाड्याच्या गाडीला विंटर टायर्स नव्हते. ती दोनदा खड्ड्यात गेली, दोन्हीदा ऑर्विलने ट्रॅक्टरने ओढून काढली. त्यामुळे घाईत असलेल्या त्या माणसाने पिवळ्या घराची बेल वाजवली, पुठ्ठा वाचला, 'येणार आहे' असं टिपलं आणि तो निघून गेला. शेजारी विचारायची त्याला गरज वाटली नाही. लेखी पुरावा होता.

पत्र वाचल्यावर बाईंनी घरी येऊन जयदीपला फोन केला. फोन स्पीकरवर होता, हे त्यांना नातीचा, ईशिताचा, आवाज आल्यावर कळलं.

"आई, हे एक साइन आहे बघ," जयदीप म्हणाला. "गावच राहणार नाही, तर तू काय करणार तिथे? इथे बेसमेंट आहे, हीटेड फ्लोअर आहे. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला नको. दहा मिनिटांवर इंडियन ग्रोसरी."

"मी तुझ्या बेसमेंटमध्ये दहा आठवडे होते. खिडकीतून शेजाऱ्यांचे टायर दिसतात."

"आजी, जस्ट टेल देम यू वेअर हिअर," नात म्हणाली.

"तेच सांगणार आहे," आजी म्हणाली. "ठेवते."

गावाने केलेल्या अपिलावर सुनावणी ठरली. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी प्रांताच्या वस्ती-पुनर्रचना विभागाचा अधिकारी येणार, कर्लिंग रिंकच्या वरच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. पत्रावरचं नाव ऑर्विलने मधेच तोडून वाचलं. "पुश-कार," तो म्हणाला. "चला, या वेळी निदान खड्ड्यातून गाडी ढकलता येणारा पाठवतायत."

पुष्करच्या गाडीला चारही विंटर टायर्स होते. कॅनडात सहा वर्षं झाली होती, मूळचा कोथरूडचा, एटोबिकोत तीन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून सरकारी नोकरीत आलेला. फाईलवरचं आडनाव वाचून तो दुपारी एकलाच पिवळ्या घरी आला. बूट दारात काढले, मोजे सरळ केले आणि म्हणाला, "काकू, मी आत येऊ का?"

"ये. पण मी इथे अजून आलेले नाही म्हणे. मग तुला ये म्हणणारी मी कोण?"

त्याने कसंनुसं हसून लॅपटॉपची बॅग खाली ठेवली. बाईंनी कॉर्नफ्लेक्सचा चिवडा पुढे केला आणि चहा टाकला.

"काकू, हे फार सोपं आहे," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये 'तात्पुरते अनुपस्थित' असा एक बॉक्स आहे. जो गेलाय आणि परत येणार आहे, तो मोजला जातो. जो अजून यायचाच आहे, तो नाही. तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर फक्त एक वाक्य म्हणा. आय हॅड गॉन टु मिसिसागा. मी टिक करतो. पन्नास. संपलं."

"मी गेले नव्हते."

"मग जानेवारीत कुठे होतात?"

"मिसिसागाला."

"म्हणजे गेला होतात."

"येते म्हणून निघाले होते. दहा आठवड्यांनी आले. यात गेले कुठे आहे?"

पुष्करने चिवड्यातला शेंगदाणा शोधला. "काकू, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय."

"कळतंय ना? मग लिही."

"मला कळून उपयोग नाही. कायद्याची भाषा इंग्लिश आहे. इंग्लिशमध्ये कमिंग म्हणजे कमिंग."

"तुझ्या घरी निघताना काय म्हणतात?"

"माझ्या घरी काय म्हणतात त्याचा इथे संबंध नाही. मी ऑफिसर म्हणून आलोय."

"बरं. चहा ऑफिसर म्हणून घेणार, की पुष्कर म्हणून?"

त्याने तो पुष्कर म्हणून घेतला, दोन कप. पण वाक्याचा हट्ट ऑफिसर म्हणून सोडला नाही. आणि बाईंनीही नाही. एकोणऐंशीव्या वर्षी सरकारी कागदावर आपल्या नावापुढे 'गेल्या' लागणं म्हणजे काय, हे त्यांना नेमकं दिसत होतं. आज एक कारकून 'गेल्या' लिहील, पुढच्या वर्षी दुसरा तेच वाचून नाव खोडेल, आणि त्याचंही काही चुकलेलं नसेल.

दोन वाजता हॉलमध्ये बाईंखेरीज गावची पंचेचाळीस माणसं होती. उरलेल्यांपैकी तिघं गायींपाशी होते, एक फ्लूने आजारी होता. सगळे जाड पार्का कोट घालूनच बसले होते, कारण हॉल तापवायचा की खालचा बर्फ टिकवायचा, यात ऑर्विलने नेहमीप्रमाणे बर्फाची बाजू घेतली होती. पुष्करने पुठ्ठा टेबलावर ठेवून नियम वाचून दाखवला. मग म्हणाला, "डॉक्टर पाटणकर, तुम्ही एक जानेवारीच्या आधी हेन्सन सायडिंगहून गेला होतात, हे खरं आहे का? हो म्हणालात तरी पुरे."

"नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

खुर्च्या करकरल्या. लेना मागच्या रांगेतून म्हणाली, "डॉक, प्लीज. एकच शब्द आहे. माझं पोस्ट आहे त्या शब्दावर."

"माझा पंपही," ऑर्विल म्हणाला. "डॉक, तुम्ही मला या जगात आणलं नाही, पण माझ्या तिन्ही पोरांना आणलंत. तुम्हाला उलट बोलायची माझी हिंमत नाही. पण म्हणून टाका ना."

बाई उभ्या राहिल्या. गुडघा दुखत होता, म्हणून त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"या गावातून कोण कोण गेलं, मला सगळं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रेल्वे गेली. व्यवस्थित सांगून गेली, वुई आर लीव्हिंग. बँक गेली. हॉस्पिटल गेलं. तुम्ही सगळ्यांनी ती पत्रं वाचलीत, लेनाने आधी वाचली. त्यातलं कुणी परत आलं? आता एक बाई उरली आहे जी अठ्ठेचाळीस वर्षं दारावर येते म्हणून लिहिते आणि दर वेळी येते. तिलाही तुम्ही म्हणता की म्हण, गेले. मी म्हटलं, तर गाव वाचेल. पण मग त्या पुठ्ठ्यावर ऑर्विलच्या बाबांपासून सगळ्यांनी जो विश्वास ठेवला, तो खोटा होता, असं मी सरकारला लिहून दिल्यासारखं होईल. ते मी देणार नाही. मी गेले नव्हते. आणि कुणाला माझ्यावर रागवायचं असेल, तर पुढच्या खोलीत टेबल आहे. या आणि रागवा. ब्लड प्रेशरही बघते."

कुणी टाळी वाजवली नाही. लेनाने मान खाली घातली आणि हातमोजे घट्ट ओढले. गायींपाशी असलेल्यांना निरोप कसा द्यायचा, यावर कुणीतरी कुजबुजत होतं. बाईंनाही ती कुजबुज ऐकू आली, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण चूक तर करत नाही ना. तरी त्या बसल्या नाहीत.

 "मग माझ्याकडे दुसरा पर्याय नाही," पुष्कर इंग्लिशमध्ये म्हणाला. "रिपोर्ट एकोणपन्नासचा जाईल. आय ॲम सॉरी." त्याने लॅपटॉप बंद केला, बॅगेत ठेवला, पार्काची चेन वर ओढली, खाली वाकून बूट चढवले. दार अर्धं उघडलं. थंडीचा लोट आत आला. आणि मग, खोलीतलं सगळ्यात वडील माणूस उभं आहे, हे पाहून, कोथरूडच्या कुठल्याही घरातून निघताना जसं लहानपणापासून करत आला होता तसं, त्याने किंचित वाकून म्हटलं,

"येतो, काकू."

हॉलमध्ये कुणालाच मराठी कळत नव्हतं. तरी सगळे प्रमोदिनीबाईंकडे वळले. त्या पुष्करकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. रोग्याने अखेर नेमकं कुठे दुखतंय ते सांगितल्यावर डॉक्टरचा चेहरा जसा होतो, तसा तो झाला.

"काय म्हणाला तो?" लेनाने विचारलं.

"सांग, पुष्कर," बाई म्हणाल्या. "इंग्लिशमध्ये सांग. कायद्याची भाषा आहे."

पुष्कर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. गाडीची किल्ली दुसऱ्या हातात होती. एक बूट उंबऱ्याच्या बाहेर होता.

"आय सेड," तो म्हणाला, आणि थांबला. "आय सेड, आय ॲम कमिंग."

"कुठे?" ऑर्विलने विचारलं. त्याचा आवाज अगदी शांत होता, पंप बिघडल्यावर असतो तसा. "मला तर तू जाताना दिसतोयस. येतंय ते फक्त मायनस एकतीस."

मागून कुणीतरी हसलं. 

"एक विचारतो, मिस्टर पुश-कार," ऑर्विल म्हणाला. "आता समज तुझा तो जानेवारीवाला मोजणारा या क्षणी इथे आला. त्याने तुझं वाक्य ऐकलं. त्याने लिहिलं की या माणसाचं हॉलमध्ये अद्याप आगमन झालेलं नाही. मग ही सुनावणी घेतली कुणी?"

पुष्करने बाहेरचा बूट आत घेतला. दार लावलं. आतून. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला, आणि त्या सोडताना मान वर न करता मराठीत म्हणाला, "काकू, हे माझ्या आईला सांगू नका."

"तुझ्या आईला मी ओळखत नाही."

"कोथरूडमध्ये कुणीतरी ओळखत असेलच."

त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला. अर्धा तास टाइप करत होता. बाई त्याच्याशेजारी बसल्या आणि स्पेलिंग बघत राहिल्या. पंच्याऐंशीच्या वरचे मार्क अजून वाया गेलेले नव्हते. 'आय ॲम कमिंग' हा शब्दप्रयोग करणारी व्यक्ती, त्याने लिहिलं, निघण्याच्या क्षणी ज्या ठिकाणी असते त्याच ठिकाणची असते. अधिकाऱ्याने हा प्रयोग सुनावणीत प्रत्यक्ष ऐकला आहे. कुणाच्या तोंडून, ते लिहिलं नाही. नोंद क्रमांक पन्नास: प्रत्यक्ष पडताळणीत उपस्थित, गणनेस पात्र.

"गेल्या असं कुठे नाही ना?" बाईंनी विचारलं.

"नाही. शोधा हवं तर."

त्यांनी शोधलं. नव्हतं. मग त्या पुठ्ठा उचलून निघाल्या, आणि दारात त्यांच्या मागे पंचेचाळीस माणसं कमिंग, कमिंग म्हणत जिना उतरली. खाली ऑर्विलचा बर्फ शाबूत होता.

एप्रिलच्या मध्यावर दोन पाकिटं आली. ऑर्विलचं कळवत होतं की हेन्सन सायडिंगची लोकसंख्या पन्नास असल्याने त्याचा गाव हा दर्जा कायम राहील. बाईंचं जाड होतं. लेनाने या वेळीही ते न उघडता दिलं, आणि बाई ते कधी उघडतात याची काउंटरवर कोपर टेकून वाट पाहत राहिली.

पुष्करच्या नोंदीनंतर विभागाच्या संगणकाला एका तारखेची गरज पडली होती, आणि त्याने सुनावणीचा गुरुवार उचलला होता. प्रमोदिनी दीनानाथ पाटणकर, वय एकोणऐंशी, यांचं हेन्सन सायडिंगमध्ये आगमन झाल्याची नोंद घेण्यात आली असून प्रांताच्या वतीने त्यांचे हार्दिक स्वागत. सोबत फ्रिजवर लावायचं एक मॅग्नेट होतं, आणि 'आपला पहिला हिवाळा' नावाची पुस्तिका. तीत टोपी घालावी, हातमोजे विसरू नयेत आणि पहिल्या वर्षी निराश होऊ नये, असं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर चौकटीत गावातला एक फोन नंबर दिला होता. नव्या ठिकाणी प्रकृतीची तक्रार उद्भवल्यास किंवा एकटं वाटल्यास नवागतांनी त्यावर निःसंकोच फोन करावा.

तो नंबर १९७६पासून प्रमोदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात वाजतो.